शिवऱ्याच्या तारेवरची साखळी

विजेच्या खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, कधी शॉक बसला होता का. दुसरा, काल आमच्याकडचे दिवे का गेले होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी भोरच्या बाजारात वांगी निवडताना दुसरा प्रश्न विचारणारं कोणी तरी भेटतंच, आणि मीही सवयीने काही तरी कारण सांगून मोकळा होतो.

या अंकाच्या संपादकांनी मात्र तिसराच प्रश्न विचारला. "जंगममास्तर, नोकरीतले थरारक प्रसंग लिहा." आता सबस्टेशनातल्या नोकरीची अडचण अशी, की खरोखर थरारक प्रसंग घडला तर तो लिहायला सहसा माणूस शिल्लक राहत नाही. राहिलाच, तर त्याची चौकशी होते. माझी झाली होती. म्हणून तोच प्रसंग लिहितो.

ही गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. संस्थानाचं राज्य होतं, नसरापुरात संध्याकाळी दिवाबत्तीला रॉकेलच होतं, आणि विजेची कंपनी आमच्या मुलुखात नुकती आली होती. मी पुण्याला विजेच्या कामाचा डिप्लोमा करून आलो होतो. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या महादेवाची पूजा. वडिलांना माझी नोकरी समजावून सांगताना मी म्हणालो, "डोंगराकडच्या वीजघरातून फार मोठ्या दाबाने वीज येते. ती तशीच घरात घेतली तर घर राहणार नाही. म्हणून मधे एका ठिकाणी तिचा दाब उतरवायचा आणि मग गावोगाव वाटायची. त्या ठिकाणाला सबस्टेशन म्हणतात." वडील म्हणाले, "म्हणजे अभिषेकपात्र." मी म्हणालो, हो, तसंच. यापुढे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

नसरापूरच्या अलीकडे, सातारा रस्त्यापासून थोडं आत, एका माळावर आमचं सबस्टेशन उभं राहायचं होतं. तिथून विजेच्या दोन वाटा निघणार होत्या. एक भोरकडे, दुसरी शिवऱ्याकडे. अशा वाटेला आम्ही फीडर म्हणतो. हे दोन शब्द, सबस्टेशन आणि फीडर, एवढे लक्षात ठेवलेत तर पुढचं सगळं कळेल. तिसरी एक वस्तू आहे, तिच्यापायीच सगळं घडलं, ती आता सांगतो.

प्रत्येक फीडरला एक मोठा स्विच असतो. दाब अकरा हजार व्होल्टचा. एवढ्या दाबाची वीज उघड्यावर तोडायला गेलं तर तुटता तुटत नाही, हवेतून जाळ ओढत राहते. म्हणून त्या काळी हा स्विच तेलाने भरलेल्या लोखंडी टाकीत बसवलेला असे. जाळ तेलातच विझायचा. उत्तम सोय. फक्त एक खोट. आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. टाकीवर एक पट्टी असते, तीवर "चालू" किंवा "बंद" असं येतं, आणि त्या पट्टीवर विश्वास ठेवायचा. विश्वास पुरेसा नाही हे जाणून जुन्या इंजिनिअरांनी टाकीच्या बाजूला आणखी एक साधा, उघडा स्विच ठेवायची रीत पाडली होती. तांब्याची लांब पात, बिजागरीवर उघडणारी. आम्ही तिला सुरी म्हणायचो. आधी तेलातल्या स्विचने वीज तोडायची आणि मग सुरी उघडायची. सुरी उघडली की मधली हवा डोळ्यांना दिसते. ती फट दिसली, की पुढच्या तारेत वीज नाही याची खात्री, आणि मग माणूस खांबावर चढवायचा. या सुरीला दुसरं काहीही काम नाही. ती वीज वाढवत नाही, वाचवत नाही. ती फक्त दिसते.

मुंबईच्या ड्रॉइंग ऑफिसात आमच्या सबस्टेशनचा आराखडा करणारे कारखानीससाहेब विलायतेहून शिकून आले होते. गोरेपान, नीट भांग, आणि खिशात तीन रंगांच्या पेन्सिली. माणूस हुशार, यात शंका नाही. ते जागा पाहायला आले तेव्हा मी मोजणीची टेप घेऊन त्यांच्या मागे होतो. माळ मोजून झाला. आराखडा बसत होता, पण एका कोपऱ्यात शेंदूर फासलेला एक धोंडा होता. म्हसोबा.

साहेब त्या धोंड्याकडे बराच वेळ बघत राहिले. विलायतेत त्यांनी पुष्कळ अडथळे सोडवले असतील, पण शेंदूर लावलेला नसावा.

"हा हलवला तर गाव पेटेल," ते मला म्हणाले.

मी म्हणालो, "पाटलांना विचारून बघू का?"

"विचारणं म्हणजे शंका निर्माण करणं. जंगम, धार्मिक भावनांशी खेळू नये." आणि त्यांनी तांबडी पेन्सिल काढून तो कोपराच आराखड्यातून वगळला. कुंपण आत आलं. आता दोन्ही फीडरचं सामान बसेना. तेव्हा साहेबांनी हिरवी पेन्सिल काढली आणि दोन्ही सुऱ्यांवर फुल्या मारल्या.

मी नवखा होतो, तरी राहवलं नाही. "साहेब, सुरी काढली तर दुरुस्तीच्या वेळी लाइन बंद आहे हे कळायचं कसं?"

"टाकीवर पट्टी आहे ना?"

"पट्टी आहे. पण आतलं दिसत नाही."

ते समजुतीने हसले. "जंगम, तुमच्या घड्याळाच्या आतली चाकं तुम्हाला दिसतात का? तरी वेळ बघताच ना? हा स्विच जगातल्या उत्तम कारखान्यात तयार झालेला आहे. त्याच्यावर पहारेकरी ठेवणं हा त्याचा अपमान आहे."

माझं घड्याळ रोज थोडं मागे पडायचं. पण हे बोलायची माझी पायरी नव्हती. मी एवढंच म्हणालो, की निदान दुरुस्तीच्या वेळी सगळं सबस्टेशन बंद करायची मुभा असावी. ते म्हणाले, "अर्थात. मला विचारून."

असं आमचं सबस्टेशन सुरीवाचून उभं राहिलं. उद्घाटनाला हार, पेढे, भाषणं झाली. कारखानीससाहेबांनी भाषणात सांगितलं, की कमी जागेत आटोपशीर रचना हे या केंद्राचं वैशिष्ट्य आहे. कोपऱ्यातला म्हसोबा कुंपणाबाहेरून ऐकत होता. त्यालाही कोणी तरी एक हार घातला होता.

मला तिथेच सबस्टेशन सांभाळायला ठेवलं. हाताखाली लाइनमन होते धोंडिबा शिळीमकर, वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीचे. माझ्यापेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे. बोलणं कमी, मिशा भरघोस. कड्यावर चढून मध काढायचं काम लहानपणापासून केलेलं, त्यामुळे खांब त्यांना ओसरीइतका सपाट वाटायचा. खांबावर चढायच्या आधी ते दर वेळी एकच गोष्ट करत. तांब्याच्या उघड्या तारेची एक लांब साखळी, तिचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पहारेला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला वजन. ते वजन गरगर फिरवून तारांवर फेकायचे, आणि वजन हातातून सुटताच चार पावलं मागे सरायचे. तार मेलेली असेल तर साखळी नुसती लटकते. जिवंत असेल तर साखळी वीज जमिनीत नेते, मोठा जाळ होतो, आणि मागचं सबस्टेशन आपोआप बंद पडतं. माणूस वाचतो. ही रीत धोंडिबांची नव्हे, सगळ्याच जुन्या लाइनमनांची.

गिऱ्हाइकांचं काय सांगू. भोरमधले एक वकील विजेचं बटन खडावा घातल्याशिवाय दाबत नसत, आणि तेही चंदनाच्या काठीने. गावाच्या टोकाला एक भाताच्या गिरणीचे मालक होते, त्यांची कायमची तक्रार, "तुमची वीज आमच्यापर्यंत यिस्तवर दमती हो. माझ्या आधीच्या घरांत पोचती तवा ताजी असती." ऑफिसात ही तक्रार वाचून दाखवून आम्ही हसायचो. वास्तविक ते शंभर टक्के बरोबर होतं. लांबच्या तारेत दाब पडतो, आणि ती तार साहेबांनी जेवढी जाड हवी तेवढी घेतली नव्हती. पण गिऱ्हाईक बरोबर आहे असं कळवायची आमच्या कंपनीत सोय नव्हती.

साखळीची गोष्ट साहेबांच्या कानावर गेली, ती त्यांना आवडली नाही. त्यांनी हुकूम काढला, की साखळी फेकण्याची गावंढळ पद्धत बंद करावी, तिने तारांना ओरखडे पडतात, आणि "बंद" अशी पट्टी दिसल्यावर वेगळ्या परीक्षेची जरुरी नाही. मी हुकूम धोंडिबांना वाचून दाखवला.

"बरं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी साखळी त्यांच्या खांद्यावर होतीच.

"धोंडिबा, हुकूम ऐकलात ना?"

"ऐकला की. त्यो तारंसाठी हाय. साकळी माज्यासाठी हाय."

मी दुसरीकडे बघायला शिकलो. नोकरीतली ही विद्या डिप्लोम्यात शिकवत नाहीत, पण पगार तिचाच मिळतो.

मग त्या वर्षीचं शेतकी प्रदर्शन आलं. भोरला मोठा मांडव घातला होता. मांडवात विजेचे दिवे, विजेवर चालणारा पाण्याचा पंप, विजेचा कडबा कापायचा अडकित्ता. मुंबईहून कंपनीचे मोठे लोक आले होते, आणि संध्याकाळी कारखानीससाहेबांचं व्याख्यान होतं. विषय, "अखंड वीज". त्यांनी मला आधीच बजावलं होतं, की आज भोरच्या फीडरला हात लावायचा नाही. आकाश कोसळलं तरी नाही.

आकाश कोसळलं नाही. शिवऱ्याची तार कोसळली. म्हणजे पूर्ण नाही. दिवेलागणीच्या सुमाराला गावचे पाटील घामाघूम होऊन सबस्टेशनात आले. म्हणाले, "मास्तर, शिवऱ्याकडल्या गाडीवाटंवर तुमची तार लोंबाय लागलीया. कडब्याच्या गाडीला लागंल इतकी खाली. परदर्शनावरनं मान्सं परतत्यात. म्या दोन मान्सं हुबी केल्यात गाड्या आडवाय, पन लोक ऐकंनात."

आम्ही पळत गेलो. वारा सुटला होता, त्यात एका खांबावरची चिनी मातीची वाटी तडकली होती आणि तिच्यावरची तार घसरून खाली आली होती. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या, बैल डोकी हलवत होते, पाठीमागच्या गाडीवानांना पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं म्हणून ते पुढच्यांना शिव्या देत होते. तीन तारांपैकी एक हात उंचावून लागेल अशी. थांबून चालणार नव्हतं.

मी धोंडिबांना तिथे ठेवलं आणि सबस्टेशनात परत येऊन शिवऱ्याचा स्विच बंद केला. टाकीत धपकन आवाज झाला. पट्टीवर "बंद" आलं. मीटरचा काटा शून्यावर गेला. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. आणि तरी मला चैन पडेना. आवाज रोजच्यासारखा नव्हता. कसा वेगळा होता हे मला आजही सांगता येणार नाही. चौकशीतही सांगता आलं नाही, आणि ते माझ्या विरुद्ध गेलं.

सुरी असती तर मी ती उघडली असती, फट पाहिली असती आणि विषय संपला असता. आता एकच उपाय होता. आमच्याकडे वीज पाठवणाऱ्या मागच्या स्टेशनाला टेलिफोन करून सगळीच वीज बंद करवायची. त्याने भोरही अंधारात जाणार. त्याला परवानगी लागणार. मी भोरच्या मांडवातल्या टेलिफोनवर साहेबांना बोलावून घेतलं. मागून टाळ्यांचा आवाज येत होता. कोणाचं तरी भाषण चालू होतं.

"साहेब, शिवऱ्याची तार गाडीवाटेवर लोंबते आहे. दुरुस्तीला माणूस चढवायचा आहे. पाच मिनिटं सगळं बंद करू द्या."

"शिवऱ्याचा स्विच बंद केलात ना?"

"केला."

"पट्टी काय दाखवते?"

"बंद."

"मीटर?"

"शून्य."

"मग तुम्हाला आणखी काय हवंय, जंगम?"

"साहेब, मला दिसत नाही."

बहुधा त्यांनी फोन तळहाताने झाकला, टाळ्या दबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जंगम, थोड्याच वेळात माझं व्याख्यान आहे. विषय तुम्हाला ठाऊक आहे. त्या विषयावर बोलताना मांडवात अंधार झाला, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माणूस चढवा." आणि फोन ठेवला.

शिवऱ्याकडे परत जाताना मला आयुष्यात पहिल्यांदा घाम म्हणजे काय ते कळलं. मी हुकूम मोडून सगळं बंद करायला सांगितलं असतं, तर मागच्या स्टेशनातल्या माणसाने ते ऐकलं नसतं. त्यालाही साहेबांचाच हुकूम होता. आणि हुकूम पाळला तर खांबावर मी नव्हतो चढणार. धोंडिबा चढणार होते.

धोंडिबांनी कमरेला पट्टा बांधला होता. पाटील कंदील धरून उभे होते.

"काय म्हनलं सायेब?" धोंडिबांनी विचारलं.

"चढवा म्हणाले. पट्टी बंद दाखवते, मीटर शून्य आहे."

"आन् तुमी काय म्हनता?"

हा प्रश्न मला नोकरीत त्याआधी कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "साखळी टाका, धोंडिबा. माझं नाव सांगा."

त्यांनी मान डोलावली. सगळ्यांना मागे सारलं, पाटलांनाही. पहार ठोकली, खाली ओल म्हणून गाडीवानाच्या कळशीतलं पाणी ओतलं. साखळीचं वजन दोनदा फिरवलं आणि सोडलं. ते तारांवरून गेलं आणि तिन्ही तारांना साखळी टेकली.

निळा-पांढरा जाळ झाला. एवढा, की पाटलांच्या हातातला कंदील मला विझल्यासारखा दिसला. कानात तोफ उडाल्यासारखा आवाज. बैलांनी जू झुगारायला सुरुवात केली, कोणाची तरी गाडी उलट्या पावली ओढ्यात गेली. मग सगळं शांत. दूर नसरापूरच्या माळावर आमच्या सबस्टेशनातला दिवाही गेला होता. आणि त्याच क्षणी, हे मला नंतर कळलं, भोरच्या मांडवात कारखानीससाहेब "अखंड" हा शब्द उच्चारून दुसऱ्या शब्दाकडे वळत होते.

धोंडिबा नेहमीसारखे चार पावलं मागे उभे होते. साखळीचं टोक वितळून गळालं होतं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "जिती व्हती."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. पाटलांनी पाणी दिलं. पाणी पिताना माझ्या लक्षात आलं, की जाळ उडाला तो वरच्या तारेपाशी, म्हणजे लोंबणारी तार बहुधा मेलेलीच होती. जिवंत होती ती वरची, व्यवस्थित दिसणारी. खालची तार जागेवर बसवायला चढलेल्या माणसाचा खांदा बरोबर तिलाच लागला असता.

चौकशी कंपनीच्या विश्रामगृहात झाली. मुंबईहून दोन अधिकारी, तिसरे कारखानीससाहेब स्वतः. चहा आला, बिस्किटं आली, मी उभा. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. मीटर शून्य, पट्टी बंद, म्हणजे तार मेलेली होती. साखळी फेकल्यामुळे बिघाड झाला.

"साहेब, मेलेल्या तारेवर साखळी फेकली तर जाळ कशाचा झाला?" मी विचारलं.

"तेच शोधायचं आहे," ते म्हणाले. "साखळी नसती तर हा प्रश्नच उद्भवला नसता."

दुसऱ्या अधिकाऱ्यांनी धोंडिबांना विचारलं, "तारेत वीज आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई सायेब."

"मग साखळी का टाकली?"

"कुनी सांगितलं न्हाई म्हनूनच."

हे उत्तर त्यांनी लिहून घेतलं, पण त्याचं काय करावं ते त्यांना कळलं नसावं. शेवटी टाकी खाली उतरवून तेल काढायचं ठरलं. मीही तिथे होतो. आत तांब्याच्या टोकांच्या तीन जोड्या, एकेका तारेसाठी एक, लाकडी दांडीने ओढून उघडणाऱ्या. दोन उघडल्या होत्या. तिसरीची लाकडी दांडी मधोमध तुटलेली, आणि तिची दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट चिकटून बसलेली. म्हणजे तीनपैकी एका तारेत वीज तशीच चालू होती. एकट्या तारेतून परतीची वाट नसल्यामुळे वीज वाहत नव्हती, म्हणून मीटर शून्य. जो तिला हात लावेल तो तिची परतीची वाट झाला असता.

मला वाटलं, आता साहेब काही तरी बोलतील. ते वाकून बराच वेळ ती तुटलेली दांडी बघत होते. चेहरा उतरला होता, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. मग सरळ होऊन त्यांनी खिशातली निळी पेन्सिल काढली. दोन महिन्यांनी मुंबईहून नवा आराखडा आला. त्यात दोन्ही फीडरना सुऱ्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं, की ही सुधारणा कारखानीससाहेबांनी जागेवरच्या अनुभवातून सुचवली आहे. खोटं नव्हतं ते. फक्त जागा कोणाची आणि अनुभव कोणाचा, एवढंच गाळलं होतं. त्यांना बढती मिळाली.

पण सुऱ्या बसवायला जागा कुठून आणायची? कोपऱ्यात म्हसोबा. कंपनीने आता रीतसर एक अधिकारी पाठवला, मी त्याला घेऊन पाटलांकडे गेलो. अधिकाऱ्याने धर्म, श्रद्धा, प्रगती असं पुष्कळ बोलून घेतलं. पाटील तंबाखू मळत ऐकत होते.

"मंजी देव सरकवायचाय व्हय?" ते म्हणाले. "सरकवा की. मागं गाडीवाट रुंद केली तवा आमीच वरल्या अंगाला हलवला. एक नारळ लागतो. बोकड दिलं तर लईच झाक."

अधिकारी माझ्याकडे बघू लागला. मी आढ्याकडे बघत होतो.

"आधी का नाही सांगितलंत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"इचारलं कुठं कुनी?"

नारळ कंपनीने दिला. बोकडाला हेड ऑफिसची मंजुरी मिळाली नाही.

साखळीची परवानगी नसताना ती वापरल्याबद्दल मला सक्त ताकीद मिळाली. धोंडिबांना शिक्षा म्हणून वेल्ह्याच्या डोंगरात मोठ्या लाइनीवर गस्तीला पाठवलं. कंपनीच्या दृष्टीने ते काळं पाणी. वास्तविक ते त्यांच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर होतं. हुकूम ऐकून ते मला म्हणाले, "मास्तर, ही शिक्शा आदीच का न्हाई दिली म्हनावं."

त्यांच्याबरोबर काम करायची मला सवय झाली होती. नंतरचे लाइनमन चांगले होते, पण "आन् तुमी काय म्हनता" हे परत कोणी विचारलं नाही.

लढाई संपत आली असताना कधी तरी मी त्यांच्या वाडीवर गेलो. सबस्टेशनात नवं सामान यायचं होतं, त्यासाठी मोठी लाइन पाहणं हे निमित्त. मोठी लाइन म्हणजे वीजघराकडून निघून डोंगर ओलांडत जाणारी, उंच लोखंडी मनोऱ्यांवरची. वाडी बरोबर तिच्या खाली होती. दहा-बारा घरं, गुरांचे गोठे, नाचणीची शेतं. वरती जाड तारा या डोंगरावरून त्या डोंगरावर गेलेल्या, आणि हवा दमट असली की त्यांचा घूं असा आवाज यायचा. धोंडिबांच्या घरात त्याला कोणी दाद देत नव्हतं.

संध्याकाळी त्यांची म्हातारी आई चुलीपाशी बसून वात वळत होती. तिने पणती लावली. धोंडिबा मला म्हणाले, "मास्तर, आईचा तुमाला एक प्रश्न हाय. मला इचारून दमली. मला काय सांगता येईना."

म्हातारीने वर बोट दाखवलं. "ती वरनं जाती ना, तिच्यातली थोडी हितं उतरवता येत न्हाई का? एक दिवा लागंल एवडी."

मी हा प्रश्न आधीच कारखानीससाहेबांना विचारलेला होता. बढतीनंतर ते मला मुंबईत भेटले तेव्हा. त्यांनी कागद ओढून घेतला होता आणि मला नीट समजावून सांगितलं होतं, की इतक्या मोठ्या दाबाच्या लाइनीला मधेच हात घालायचा तर तिथे आख्खं सबस्टेशन हवं. मोठा ट्रान्सफॉर्मर, स्विच, सुऱ्या, कुंपण, माणसं. दहा-बारा घरांसाठी ते कोणी उभारणार नाही, आणि उभारलं तर त्यातल्या एका बिघाडाने पुढची सगळी शहरं बंद पडतील. मी चूक शोधायचा फार प्रयत्न केला. सापडली नाही. माझ्या सगळ्या नोकरीत साहेब पूर्णपणे बरोबर होते ते या एका बाबतीत, आणि याच बाबतीत ते चूक असावेत असं मला मनापासून वाटत होतं.

म्हातारीला मी ते माझ्या भाषेत सांगितलं. धरणाच्या पाटाला मधेच घागर लावता येत नाही, दार लागतं, तसं काही तरी. ती ऐकत राहिली. तिला पटलं की नाही, कळलं नाही.

"मग हितनं कुठं जाती ती?"

"पुण्याला, आजी. गिरण्यांना, कँपातल्या बंगल्यांना, रस्त्यांवरच्या दिव्यांना, सिनेमाला. पुढंही बऱ्याच ठिकाणी."

म्हातारीने पणतीची वात बोटाने पुढे सारली, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "तितं लई अंधार आसंल मग."